साडेतीन पाउंड

गोळी सुटली तेव्हा माझं बोट चापावर नव्हतं.

हे वाक्य मी गेल्या वर्षभरात बऱ्याच जणांना सांगितलंय, आणि निम्म्या लोकांच्या चेहऱ्यावर एकच भाव दिसलाय : असणार रे, तुला कळलं नसेल. पहिले काही सेकंद मलाही तसंच वाटलं होतं. पण माझ्या उजव्या हाताचा तळवा बोल्टच्या मुठीवर होता. चारही बोटं तिथेच. मी बोल्ट पुढे सरकवला, खाली दाबला, आणि धाड. समोरच्या मातीच्या बांधातून धूळ उडाली. रायफलीची नळी बांधाकडे होती, म्हणून फक्त धूळ उडाली.

माझी लेक दोन पावलं मागे कानांवर मफ्स चढवून उभी होती. तिला वाटलं, बाबाने नेम धरून मारली. तिने विचारलं, "लागली का?"

सहा आठवड्यांनी हीच रायफल तिच्या हातात जाणार होती.

थोडं मागे जातो. मी कोकणातला, सावंतवाडीच्या बाजूचा. आमच्या माजघरात भिंतीला ठासणीची बंदूक असायची. पीक संरक्षणाचा परवाना आजोबांच्या नावावर होता, मग बाबांच्या नावावर झाला. रानडुकरं आणि माकडं यांच्यापासून भात, केळी, नारळ राखायचे, एवढंच तिचं काम. नळीतून दारू घालायची, वर काथ्याचा बोळा, मग छर्रे, परत बोळा, आणि गजाने ठासायचं. शेवटी घोड्याखाली तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. घोडा त्या टोपीवर आपटला की ठिणगी आत जाते.

आजोबांचा नियम एकच होता. "टोपी खिशात, बंदूक हातात." म्हणजे मचाणावर बसल्याशिवाय टोपी घोड्याखाली जायची नाही. वाडीतल्या एकाने हा नियम मोडला होता. तो टोपी लावून कुंपण ओलांडायला गेला, घोडा वेलीत अडकला, आणि सगळे छर्रे त्याच्या पोटरीत. मी लहानपणी त्याला लंगडतच पाहिलाय. आम्हा पोरांना बंदुकीची भीती घालायला त्याच्याकडे बोट दाखवलं की पुरायचं.

मराठीत घोडा आणि चाप यांची आपण पार भेळ केलीय. सिनेमात पिस्तुलालाच घोडा म्हणतात. पण घोडा म्हणजे वर दिसणारा, आपटणारा तो हातोडा, आणि चाप म्हणजे खाली बोटाने ओढायची ती जीभ. आमच्या बंदुकीचा घोडा डोळ्यांना दिसायचा. मागे ओढलाय की पुढे पडलाय, हे पाच वर्षांच्या पोरालाही कळायचं. आधुनिक शिकारी रायफलीत हा सगळा कारभार पोटात असतो. बाहेरून काहीच दिसत नाही. मला वाटतं, माझी पहिली चूक तिथेच झाली. दिसत नाही म्हणून मी विचारलंच नाही.

आता विस्कॉन्सिन. इथे थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणांचा बंदुकीचा मोसम सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार म्हटलं की गुन्हाच डोळ्यांसमोर येतो. इथे शिकार म्हणजे घरोघरचा फ्रीझर, वडिलांबरोबर काढलेली थंडीतली पहाट, आणि सरकारने ठरवून दिलेला हरणांचा आकडा. पहिली काही वर्षं मला हे सगळं विचित्र वाटायचं. मग शेजारच्या घरातून दरवर्षी हरणाच्या मांसाचं सॉसेज यायला लागलं, आणि आम्ही त्याला आलं-लसूण लावून परतायला लागलो.

हे शेजारी निवृत्त टूलमेकर. साचे बनवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. माझ्या गॅरेजमधलं कपाट त्यांनी न विचारता येऊन सरळ करून दिलं, तेव्हापासून आम्ही घरात त्यांना मिस्त्री म्हणतो. त्यांची मुलं दूर, बायको गेलेली. माझ्या लेकीला त्यांनी सायकलची चेन बसवायला शिकवलं, मासे साफ करायला शिकवलं, आणि ती तेरा वर्षांची झाली तशी ती म्हणाली, मला मिस्त्रींबरोबर हरणाला जायचंय.

बायको आधी नाहीच म्हणाली. मग म्हणाली, कोर्स करा दोघं, मग बघू. विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीचा परवाना घेण्याआधी साधारणपणे हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. मीही त्यात बसतो. त्यामुळे मी, माझी लेक आणि वर्गभर बारा-तेरा वर्षांची पोरं, असा आमचा अभ्यास सुरू झाला. चार नियम तोंडपाठ करून घेतात. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजा. नळी कायम सुरक्षित दिशेला ठेवा. नेम कशावर आहे आणि त्याच्या मागे काय आहे, याची खात्री करा. आणि गोळी झाडायची वेळ येईपर्यंत बोट चापाच्या कडीबाहेर ठेवा. लेकीला परीक्षेत माझ्यापेक्षा जास्त मार्क मिळाले.

मिस्त्रींचे हात दोन-तीन वर्षांपासून थरथरतात. त्यांनी स्वतःहून जाहीर केलं की आपण आता रायफल धरणार नाही, नुसतं सोबत बसू. आणि त्यांची बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल त्यांनी लेकीसाठी काढून ठेवली. ती देताना ते अभिमानाने म्हणाले, "हिचा चाप लोण्यासारखा आहे. माझ्या भावाने स्वतः बसवलाय." हा भाऊ सत्तरच्या दशकात घरच्या बाकावर बसून चाप हलका करायचा. आसपासचे लोक त्याच्याकडे रायफली आणायचे. आता तोही नाही.

हलक्या चापाचं आकर्षण मला समजतं. चाप जड असेल तर ओढताना सगळी रायफल हलते आणि नेम चुकतो. म्हणून स्पर्धेतले नेमबाज चाप कमालीचा हलका ठेवतात. २००८मध्ये अभिनव बिंद्राला सुवर्णपदक मिळालं तो दहा मीटर एअर रायफलचा प्रकार घ्या. तिथे चापाच्या वजनाला खालची मर्यादाच नाही. शंभर ग्रॅम किंवा त्याहून कमी ताणावर गोळी सुटते. एअर पिस्तूलला मात्र किमान ५०० ग्रॅमचा नियम आहे. पण रेंजवर नेमबाज एका जागी उभा असतो, सगळ्या नळ्या एकाच दिशेला असतात, आणि पंचाच्या हुकमाशिवाय कोणी गोळी भरत नाही. जंगलात तुम्ही ओंडका ओलांडता, मचाणाची शिडी चढता, हातात जाड मोजे असतात, आणि थंडीने बोट इतकं बधिर होतं की ते चापावर आहे की नाही हेच कळत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेच्या पॅरिसमधल्या कांस्यपदकावर आम्ही दोघांनी घरात आरडाओरडा केला होता. हे ऑगस्टमधलं. मला वाटतं, लोण्यासारखा चाप ऐकून मला आनंद झाला तो त्याच नशेत.

तर, बांधातून धूळ उडाली. मी रायफल बाकावर ठेवली, बोल्ट काढून खिशात टाकला, आणि लेकीला म्हणालो, आज एवढंच.

घरी येऊन ताणकाटा काढला. शाळेच्या प्रयोगशाळेत असायचा तोच प्रकार, फक्त हूक चापात अडकवायचा. हे करण्याआधी गोळ्या दुसऱ्या खोलीत कपाटात ठेवल्या. नळीचं तोंड तळघराच्या भिंतीकडे केलं. बोल्ट मागे घेऊन आत टॉर्च मारून बघितलं, मग करंगळी घालून चाचपलं. डोळ्यांना दिसतं तेवढ्यावर विश्वास ठेवू नये हे कोर्समध्ये सांगितलं होतं, आणि आता ते पटायला कोणी सांगायची गरज नव्हती. मग पाच वेळा चाप ओढून बघितला. १४ औंस, १३, १६, ९, १४. चौदा औंस म्हणजे साधारण ४०० ग्रॅम. मला त्या चौदापेक्षा नवाने घाबरवलं. नुसता हलका चाप एक वेळ समजेल. दर वेळी वेगळं वागणारा चाप म्हणजे आत काहीतरी धरून राहत नाहीये.

आत काय असतं ते सांगतो, कारण मला हे कळायला पन्नाशीकडे यावं लागलं. बोल्ट बंद केला की फायरिंग पिन जोरकस स्प्रिंगसकट मागे रोखली जाते. तिला रोखणाऱ्या तुकड्याला सिअर म्हणतात. मी मनात खिट्टी म्हणतो. ही खिट्टी चापाच्या वरच्या कडेवर टेकलेली असते. चाप ओढला की कड सरकते, खिट्टी पडते, पिन सुटते. दोन पोलादी कडा एकमेकींवर किती टेकतात? साधारण अर्धा मिलिमीटर. तुमच्या डेबिट कार्डाच्या जाडीपेक्षाही कमी. त्या अर्ध्या मिलिमीटरवर सगळी भिस्त.

जुन्या पद्धतीच्या अनेक चापांत तीन स्क्रू असतात. एक स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करतो, म्हणजे चापाचं वजन. दुसरा या दोन कडा किती टेकतील ते ठरवतो. तिसरा, गोळी सुटल्यावर चाप किती मागे जाईल ते. पहिला स्क्रू एका मर्यादेपर्यंत सैल केला तर फार बिघडत नाही. घोळ होतो दुसऱ्यात. टेकणं कमी केलं की ओढ एकदम कोरडी काटकी मोडावी तशी स्वच्छ लागते, माणूस खूश होतो. आणि मग एखाद्या दिवशी बोल्ट जोरात बंद केल्यावर त्या धक्क्यानेच खिट्टी निसटते.

रायफल आणि चाप यांचा हा इतिहास काही एकट्यादुकट्याचा नाही. अमेरिकेत रेमिंग्टन ७०० या खूप खपलेल्या रायफलीबद्दल, चाप न ओढता गोळी सुटते, असे आरोप आणि खटले अनेक वर्षं चालले. २०००मध्ये मोंटानात आईने रायफल रिकामी करायला सेफ्टी पुढे केली आणि सुटलेल्या गोळीने तिचा नऊ वर्षांचा मुलगा गेला. कंपनी दोष नाकारत राहिली. २०१४मध्ये तिने एक्स-मार्क प्रो नावाच्या तिच्याच पुढच्या चापाच्या रायफली परत मागवल्या; जुळणी करताना चिकटद्रव्य जास्त पडल्याने चाप न ओढता गोळी सुटू शकते, हे त्यामागचं कारण. मिस्त्रींची रायफल या कंपनीची नाही, आणि तिच्यातला घोळ माणसाने घातलेला होता. पण मोंटानाबद्दल त्या रात्री मी दोनदा वाचलं, आणि लेकीच्या खोलीत जाऊन उगाच पांघरूण सारखं करून आलो.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना सांगायचं होतं. हे मला सगळ्यात जड गेलं. त्यांच्या भावाच्या हातचं काम. मी कॉफी घेऊन गेलो, आकडे लिहिलेला कागद पुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला. म्हणाले, चाळीस वर्षांत कधी झालं नाही. मी गप्प बसलो. मग बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत होते. शेवटी म्हणाले, एकदा झालं होतं. केबिनमध्ये. छतातून गेली. बायको शेजारच्या खोलीत होती. तिला सांगितलं की चुकून बोट लागलं.

मला राग आला. अजूनही आठवलं की येतो. म्हणजे यांना माहीत होतं. माहीत असून त्यांनी ती रायफल माझ्या मुलीला दिली. मी हे तोंडावर म्हणालोही, माझ्या अडखळत्या इंग्रजीत, आणि उठून आलो. तीन दिवस आमच्यात बोलणं नव्हतं. चौथ्या दिवशी ते स्वतः आले. दारातच म्हणाले, मी इतकी वर्षं स्वतःलाही हेच सांगत आलो, की बोट लागलं होतं.

यावर काय बोलणार? मी त्यांना आत घेतलं. आणि मी तरी काय दिवे लावले होते? दुसऱ्याची जुनी रायफल, तिचा चाप किती वजनाचा, आत काय आहे, हे न बघता मी थेट गोळी भरली होती. नळी बांधाकडे होती याचं श्रेय कोर्सचं, माझं नाही.

मिस्त्रींना वाटत होतं की आपण दोघं मिळून दुरुस्त करू. त्यांचं डोकं, माझे हात. मलाही मोह झाला. इंजिनिअर माणसाला तीन स्क्रू दिसले की हात शिवशिवतात. पण दुसऱ्या स्क्रूला हात लावायचा नाही, हे मी ठरवलं होतं. आम्ही रायफल गनस्मिथकडे नेली. त्याने चाप उघडून भिंगाखाली धरला आणि आम्हाला दाखवला. खिट्टीची कड दगडावर घासून गोल झालेली. टेकणं नावापुरतं. आणि सगळ्यावर तपकिरी, मधासारखा थर. दरवर्षी प्रेमाने घातलेलं तेल. ते सुकून चिकट झालं की चाप ओढल्यावर पूर्ण जागेवर परत येत नाही, आणि आधीच कमी असलेलं टेकणं आणखी कमी होतं. थंडीत तर जास्तच. तो म्हणाला, याला सुधारायचं नाही, बदलायचं. चापाचा अख्खा संच नवा बसवला. टेकण्याचा स्क्रू त्याने स्वतः लावून बंद केला. आमच्यासाठी फक्त वजनाचा स्क्रू मोकळा ठेवला, आणि माहितीपत्रकात दिलेल्या मर्यादेबाहेर जायचं नाही असं बजावलं.

वजन लावायचं काम मग आम्ही घरी केलं. मी, मिस्त्री आणि लेक. रायफल रिकामी आहे हे तिघांनी आळीपाळीने बघितलं. लेकीने मोठ्याने म्हटलं, रिकामी. नवा चाप अडीच पाउंडांवर होता. ॲलन की पाव फेरा फिरवायची, पाच वेळा ताणकाटा ओढायचा, लिहायचं. परत पाव फेरा. मिस्त्री आकडे लिहीत होते, त्यांचे चार आणि नऊ थरथरीमुळे सारखेच दिसत होते, म्हणून शेवटी वही लेकीने घेतली. साडेतीन पाउंडांवर थांबलो, म्हणजे सुमारे १.६ किलो. दहा वेळा ओढून बघितलं. सगळे आकडे दोन औंसांच्या आत.

तेवढ्यावर झालं नाही. रिकाम्या रायफलीचा बोल्ट वीस वेळा दाणकन बंद केला. प्रत्येक वेळी कान देऊन, आत खट्‌ होतं का. मग सेफ्टी लावून चाप जोरात ओढला, सोडला, आणि नंतर सेफ्टी काढली. इथे पिन पडली तर सगळं मुसळ केरात. नाही पडली. मग रबरी हातोडीने दस्त्यावर दोन्ही बाजूंनी ठोकलं. रबरी चटईवर वीतभर उंचीवरून दस्ता आपटला. खट्‌ नाही. हे सगळं होईपर्यंत दोन तास गेले आणि वरून बायकोने तीनदा हाक मारली, की तुमचं तोडकाम संपलं का.

स्क्रू कंपनाने फिरू नये म्हणून त्याच्या डोक्यावर थेंबभर नेलपॉलिश लावतात. फिरला तर तो थर तडकतो आणि लगेच दिसतं. लेकीने तिच्याकडची जांभळी बाटली आणली. गनस्मिथकडे लाल होती. तिला जांभळाच हवा होता.

मिस्त्रींनी शेवटी रिकाम्या रायफलीचा चाप एकदा ओढून बघितला. "जड आहे," म्हणाले. मग जुना संच मागितला. तो त्यांनी रुमालात गुंडाळून खिशात टाकला.

२३ नोव्हेंबरला, मोसमाच्या पहिल्या दिवशी, आम्ही पहाटे पाचला निघालो. अंगावर झगझगीत नारिंगी जॅकेटं. लेक मध्ये, मी एका बाजूला, मिस्त्री दुसऱ्या. तिचं बोट चापाच्या कडीबाहेर, लाकडावर सरळ ठेवलेलं मला सारखं दिसत होतं, कारण मी दुसरं काही बघतच नव्हतो. साडेसहाच्या सुमाराला उजाडायला लागलं. खिशातला फोन थरथरला. बाबा. तिकडे संध्याकाळ, विधानसभेचा निकाल त्याच दिवशी लागला होता, त्यांना बोलायचं असणार. मी उचलला नाही.

नऊ वाजता गाडीत कॉफी पिताना उलटा फोन लावला. हरीण दिसलं नाही म्हणून सांगितलं. बाबांनी निकालाचं दोन वाक्यांत उरकलं आणि मुद्द्यावर आले. आचारसंहिता लागल्यापासून आमची बंदूक पोलीस ठाण्यात जमा होती.

"बंदूक थय ठाण्यात," ते म्हणाले, "आणि डुकरां हय कुणग्यात."

लेकीने विचारलं, आजोबा काय म्हणतायत. मी सांगितलं. तिने ते मिस्त्रींना इंग्रजीत समजावलं, आणि मिस्त्री विचारायला लागले की ठासणीच्या बंदुकीचा चाप किती पाउंडांचा असतो. मला माहीत नव्हतं. बाबांना विचारलं. ते म्हणाले, कोणी कधी मोजलाय? मग म्हणाले, ठाण्यातून आली की काटा लावून बघतो, भाताच्या पोत्यांचा आहे घरात.